घाण म्हणायचं न्हाई

आमचे सर कुणाच्याही घरी गेले की चपला काढून थेट मोरीकडं जायचे आणि पाण्याच्या ड्रममध्ये आतल्या बाजूनं अंगठा फिरवायचे. घरचे लोक इकडं खुर्ची पुसून वाट बघायलेत, चहाला आधण ठेवलंय, आणि सर तिकडं ड्रमपाशी वाकलेले. अंगठा बाहेर काढायचा, बोटावर घासून बघायचा, खिडकीच्या उजेडात धरायचा, कधी कधी हुंगायचासुद्धा. मग बाहेर येऊन सांगायचे, "तुमच्याकडं नळ गुरुवारी आले होते." आणि बहुतेक वेळा ते बरोबर असायचं.

नांदेडला एवढी मोठी नदी, पण नळाला रोज पाणी कधी आलं नाही. लातूरला सरांची बहीण राहायची, तिच्याकडं तर ड्रमांची रांगच होती. त्यामुळं सरांच्या या विद्येला आमच्या मुलखात कामाचा तोटा नव्हता. ते म्हणायचे, "पुण्यातल्या माणसाला हे जमणार न्हाई. त्याच्याकडं पाणी थांबतच न्हाई."

माझं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं तेव्हा ते पहिल्यांदा आमच्या घरी आले. माझ्या सासूबाई सोवळ्या-ओवळ्याच्या नव्हत्या, पण स्वच्छतेच्या बाबतीत त्यांच्याइतकी कडक बाई मी पाहिली नाही. सरांनी त्यांच्या देखत ड्रममध्ये अंगठा घातला आणि म्हणाले, "वा, चांगली बुळबुळ आहे." सर गेल्यावर सासूबाईंनी तिन्ही ड्रम उपडे केले, काथ्यानं घासले आणि मला म्हणाल्या, "पुन्हा ह्या माणसाला चहाला बोलावलंस तर बाहेर ओसरीवर पाज." पुढं त्याच सासूबाई सरांची वाट बघायच्या. ते आले नाहीत तर विचारायच्या, "तुझा तो अंगठेवाला कुठं गेला गं?"

सर आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. गाव देवणीकडचं. घरी बैल, जमीन, सगळं कोरडवाहू. आणि या माणसानं आयुष्य काढलं ते समुद्रात बुडवलेल्या पत्र्याच्या पाट्यांवर काय उगवतं ते बघण्यात. नांदेडात. समुद्र कुठं, आम्ही कुठं. स्टाफरूममध्ये त्यांची कायम थट्टा व्हायची. कुणी म्हणायचं, "सर, गोदावरीतले शिंपले संपले का?" सर हसायचे आणि म्हणायचे, "हाव, संपले. म्हणूनच तिकडं जातो."

त्यातून गंमत अशी की सरांना पोहता येत नव्हतं आणि पाण्याची भयंकर भीती होती. होडीत पाय ठेवला की तोंड पांढरं पडायचं. कोकणातल्या एका लहानशा बंदरावर जुना धक्का होता, तिथून ते पाट्या दोरानं खाली सोडायचे. धक्क्यावर पालथं झोपायचं, डोकं काठाबाहेर काढायचं आणि तिथल्या एखाद्या कोळ्याला सांगायचं, "बाबा रे, माझे पाय धर." पायात मोजे तसेच. मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा गेले तेव्हा हे दृश्य बघून मला हसू आवरेना. सर खालून म्हणाले, "हसू नको माय, दुसरा पाय तू धर."

समुद्राचं हे वेड त्यांना लागलं कसं, ते त्यांनीच एकदा बसमध्ये सांगितलं. ते शिकत असताना कॉलेजची सहल गेली होती. सगळी पोरं पाण्यात उड्या मारायलीत आणि हे भिऊन धक्क्यावर उभे. समोर खांब होता, त्याला कालवं चिकटलेली, सगळा खांब भरून. त्यांनी गुरुजींना विचारलं, "ह्यांना इथं कुणी चिकटवलं?" गुरुजी म्हणाले, "कुणी कशाला, ते स्वतःच चिकटतात." सर सांगायचे, "माय, त्या दिवशी मला झोप न्हाई. एवढंसं पिल्लू, डोळ्याला दिसत न्हाई. आख्खा समुद्र मोकळा पडलाय त्याला. आणि ते एक जागा बघतं, चालून बघतं, चाखून बघतं, आणि मग जन्मभरासाठी स्वतःला चिकटवून टाकतं. पुन्हा उठायचं न्हाई. आमच्याकडची गाय बसायच्या आधी जमीन हुंगती, तसं. पण गाय सकाळी उठती."

आता ते पिल्लू काय हुंगतं, हाच सरांचा विषय. कुठलीही वस्तू पाण्यात टाका, लोखंड, लाकूड, रंगवलेला पत्रा. आधी तिच्यावर जंतू येतात, मग बारीक शेवाळ, त्याचा चिकट थर होतो. पुस्तकात त्याला मोठं नाव आहे. सर ते वापरायचे नाहीत, बुळबुळच म्हणायचे. कालवांची, शिंपल्यांची पिल्लं त्या बुळबुळीवर उतरतात. ती आवडली तर बसतात, नाही तर पुढं जातात. म्हणून होड्यांच्या बुडाला काही वसू नये यासाठी माणसं तऱ्हेतऱ्हेचे रंग काढतात. तांब्याचा रंग विषारी असतो, तो मारून टाकतो. दुसरा असतो सिलिकॉनचा, रबरासारखा गुळगुळीत, त्यात विष नसतं, त्याच्यावर कशाचीच पकड बसत नाही.

सर वर्गात विचारायचे, "रंग खाली, बुळबुळ वर, पिल्लू तिच्या वर. पिल्लाच्या पायाला रंग लागतच न्हाई. मग खाली कोणता रंग हाय, हे त्याला कळतं कसं? का कळतच न्हाई?" पोरं गप्प बसायची. पेपरात न येणाऱ्या प्रश्नाला पोरं गप्पच बसतात. पण मी बसले नाही, माझा स्वभावच तसा. मी त्यांच्याकडं पीएच.डी.ला नाव घातलं आणि तोच प्रश्न घेतला.

वर्गात कुणी बुळबुळीला घाण म्हणालं की ते लगेच थांबवायचे. "घाण म्हणायचं न्हाई. वस्ती म्हणायचं." शिपाई टाकी घासायला निघाला की त्यालाही हेच. मुख्याध्यापक असलेल्या त्यांच्या साडूच्या घरी, भोकरला, लग्नाच्या पंगतीत पाण्याच्या पिंपात अंगठा घातल्यावर वाढपी ओरडला, "ओ साहेब, घाण कामून करायलाव?" तर त्यालाही तेच सांगितलं. साडू त्या दिवसापासून सरांशी बेताचंच बोलायचे.

सुट्टी लागली की आम्ही पाट्या घेऊन निघायचो. एसटीनं. जाताना काही कोऱ्या, काही निरनिराळे रंग दिलेल्या, येताना सगळ्या भरलेल्या. येताना त्या ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या असायच्या आणि त्यांचा वास सगळ्या गाडीत. सर गोणपाट सुकू नये म्हणून बाटलीतून थोडं थोडं समुद्राचं पाणी शिंपडत बसायचे. एकदा लातूरच्या स्टँडवर आम्ही गाडी बदलायला थांबलो होतो. एक म्हातारी बराच वेळ सरांकडं बघत होती. हा माणूस गाठोड्यावर जपून पाणी शिंपडतोय म्हणजे काहीतरी देवाधर्माचं असणार, असं तिला वाटलं असावं. ती उठून आली आणि तिनं ओंजळ पुढं केली. मी तोंड उघडणार तोवर सरांनी दोन थेंब तिच्या हातावर सोडले. म्हातारीनं ते जिभेला लावलं.

"खारट हाय की रे बाबा."

"हाव माय, समुद्राचं हाय."

"मी कवा बघितला न्हाई समुद्र," म्हातारी म्हणाली, आणि उरलेलं पाणी तिनं डोळ्यांना लावलं. सर गाडीत बसले, गोणपाट पुन्हा नीट गुंडाळलं. नंतर म्हणाले, "एवढ्या वर्षांत माझं काम पहिल्यांदा कुणीतरी डोळ्याला लावलं."

आता जे घडलं ते सांगते. त्याशिवाय सर कोण होते ते कळायचं नाही.

मी तेव्हा कॉलेजात तासिका तत्त्वावर होते. म्हणजे जेवढे तास तेवढा पगार, सुट्टीत काही नाही, पुढच्या वर्षी ठेवतील की नाही याचा भरवसा नाही. अशी कित्येक वर्षं काढली होती. मुलगी लहान, नवऱ्याचं दुकान चाललं तर चाललं. आणि त्या वर्षी आमच्याच विभागात एक पक्की जागा निघाली. पीएच.डी. पाहिजे होती. माझं सगळं काम झालं होतं, बाटल्यांमध्ये बुळबुळीचे नमुने तपासून झाले होते. शेवटच्या खेपेच्या पाट्या आणून कॉलेजच्या मागच्या व्हरांड्यात भिंतीला टेकवून वाळवल्या होत्या. त्यांच्यावरची कालवं आणि शिंपले भिंगाखाली मोजायचे, तेवढं झालं की प्रबंध लिहायचा, मुदतीच्या आत द्यायचा आणि मुलाखतीला जायचं. प्राचार्य स्वतः म्हणाले होते, "तुमचं झालं की तुमचीच जागा." मी घरी सांगून टाकलं होतं. सासूबाईंनी बालाजीला नवससुद्धा बोलला होता.

त्यातच कॉलेजच्या तपासणीला कमिटी येणार असं ठरलं. कमिटी येणार म्हटल्यावर आमच्याकडं काय होतं ते कॉलेजात नोकरी केलेल्या कुणालाही विचारा. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना. कुंड्या लाल. जिन्याचे कठडे, गज, सायकलस्टँड, पाण्याची टाकी, सगळ्याला रंग. जे हलत नाही ते रंगवायचं. मी आणि सर तेव्हा पेपर तपासायला लातूरला गेलो होतो.

परत आले, मागच्या व्हरांड्यात गेले आणि जागच्या जागी उभी राहिले. भिंतीला ओळीनं चंदेरी पाट्या. सगळ्या. चकचकीत.

बाजूला रंगाचे डबे आवरत चाचा उभे होते. चाचा म्हणजे नांदेडातले जुने पेंटर, घराण्यातच रंगकाम, वडील निजामाच्या काळातल्या कचेऱ्या रंगवायचे असं सांगायचे. कॉलेजचं सगळं काम तेच करायचे. मला बघून खूश झाले.

"मॅडम, तुमच्या ह्या फळ्यांनी लई दमवलं. काय घाण होती ओ, दगडावानी. पट्टीनं खरडलं, पॉलिश पेपर मारला, तेव्हा कुठं रंग धरला. खिडक्यांची चांदी उरली होती, म्हटलं मॅडमच्या फळ्याबी करून टाकू. खरडल्याबिगर मी रंग मारत न्हाई. वालिदनी शिकवलंय."

मी काय काय बोलले ते आता आठवत नाही. उदगीरची आहे मी, आमच्या घरात आवाज वरच असतो. एवढं आठवतं की शिपाई जमले, वरच्या मजल्यावरची पोरं खाली डोकावायला लागली आणि चाचा हातातली पट्टी धरून नुसतेच उभे राहिले. त्यांना कळेचना की चूक काय झाली. कमिटीसाठी घाण काढली, चांगला रंग दिला, आणि बाई रडून राहिली.

फोटो होते की, असं लोक नंतर म्हणाले. फोटो होते, पण चिखलानं भरलेल्या ओल्या पाट्यांचे, खाली काय बसलंय ते त्यात दिसत नव्हतं. सरांचा फोटोवर विश्वास नव्हता. म्हणायचे, "फोटोवर बोट फिरवता येत न्हाई."

सर मागून आले. पाट्या बघितल्या. एक उचलली, तिच्यावरून अंगठा फिरवला, दुसरी उचलली. मला वाटलं आता हा माणूस कोसळणार. सर चाचांना म्हणाले, "काम साफ केलंय चाचा." मग शिपायाला चहा सांगितला, तिघांना. मला तो चहा बघूनच राग आला.

"चाचा," सरांनी विचारलं, "खरडताना कोणत्या फळीवरचं सहज निघालं, कोणत्या फळीवरचं हाताला जड गेलं, काही ध्यानात हाय का?"

चाचांनी मनापासून विचार केला. "न्हाई सर. सगळ्या सारख्याच. घाण ती घाण."

"घाण म्हणायचं न्हाई. वस्ती म्हणायचं."

"मंग वस्ती उठवली म्हणा," चाचा म्हणाले. आणि मग त्यांना हळूहळू सगळं कळलं असावं, कारण कप त्यांनी खाली ठेवला. "पोरीचं नुकसान झालं का सर माझ्याकडनं?"

"तुमच्याकडनं न्हाई. 'हात लावू नये' एवढं खडूनं लिहायला पायजे होतं, ते मी लिहिलं न्हाई." सर म्हणाले. "ते माझं काम होतं."

चाचा जाता जाता एवढंच म्हणाले की त्यातल्या काही रबरासारख्या फळ्या फार वाईट आहेत, रंगच धरत नाहीत, किती हात मारले तरी ओघळतो. त्या सिलिकॉनच्या होत्या. खरंच दोन दिवसांतच त्यांच्यावरची चांदी सालासारखी निघायला लागली.

घरी मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कॉलेजच्या मागच्या व्हरांड्यात एकटीच बसले होते. ऊन कलतं झालं, पाट्यांवर आडवं पडलं, आणि मला चांदीच्या खाली गोल गोल दिसायला लागले. उंचवटे. कालव एका शिंपेनं स्वतःला चिकटवतं. वरची शिंप खरडून निघते, पण खालची धरून बसते, तिची कडा उरते. चाचांनी एवढं खरडलं तरी त्या कडा गेल्या नव्हत्या. मी पाटी उचलून तिरकी धरली. स्पष्ट दिसायले. मोजता येत होते.

मी पळतच सरांच्या घरी गेले. सर आले, तिथंच फरशीवर बसले, मागं ठोकलेले नंबर बघत एकेक पाटी डोळ्याशी धरली. कोऱ्या पाटीवर गोल. साध्या ऑइल पेंटच्या पाटीवर गोल. तांब्याच्या रंगावर अगदी तुरळक. आणि सिलिकॉनवर एकही नाही, साफ. आम्हाला जे पाहिजे होतं तेच. गुळगुळीत रंगावर वस्ती होत नाही. प्रबंध सुटला होता.

"सर, सुटला," मी म्हणाले.

सरांनी सिलिकॉनची पाटी पुढं ओढली. एका कोपऱ्याला चांदीचं साल लोंबत होतं. ते त्यांनी चिमटीत धरून काढलं.

"माय, इथं चाचांचा रंग बसला होता का न्हाई?"

"बसला होता."

"आता हाय का?"

मी त्या मोकळ्या कोपऱ्यावर बोट फिरवलं.

"कालवं इथं बसलीच न्हाईत, का बसली होती आणि पट्टी लागल्याबरोबर साफ निघाली, हे ही पाटी सांगत न्हाई. हे आपले निकाल न्हाईत. हे चाचांच्या पट्टीचे निकाल हायत. हे मोजायचं न्हाई."

"कुणाला कळणार आहे सर?"

"कुणालाच न्हाई," सर म्हणाले.

मला त्या क्षणी त्यांचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नाही. मी म्हणाले, तुमचं काय जातंय, तुम्ही या वर्षी रिटायर होणार, पेन्शन घेणार, ड्रममध्ये बोटं घालत हिंडणार. मला पुन्हा एक वर्ष पाट्या टांगायच्या म्हणजे ही जागा गेली. अशी जागा पुन्हा कधी निघते, तुम्हाला माहितीय. लेकरू आहे मला. सरांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "हाव. खरं हाय तुझं." आणि तरीही हो म्हणाले नाहीत.

मी मोजू शकले असते. त्यांची सही फक्त हवी होती, आणि ती मी भांडून घेतली असती. का नाही घेतली ते मला आजही नीट सांगता येत नाही. ते साल सारखं डोळ्यासमोर यायचं, एवढंच.

जागा गेली. भरली कुणीतरी, आमच्यातलाच एक, चांगला मुलगा होता. सासूबाई म्हणाल्या, "बालाजीला दुसरं काम असंल." सरांचं नाव घेतलं की मी उठून जायचे.

सर निवृत्त झाले. हारतुरे, भाषणं, सगळं झालं. पावसाळा सरला आणि एक दिवस काकूंचा फोन आला. काकू म्हणजे सरांच्या पत्नी, भोकरच्या. "अगं, हे पाट्या घेऊन निघालेत तिकडं. मुक्कामाला. तू तास घे म्हणाले, पाट्यांचं ते बघतील. मलाबी चल म्हणायलेत. तिथं ज्वारी मिळती का गं?"

जो माणूस होडी बघून पांढरा पडायचा, तो बायकोला घेऊन समुद्राकाठच्या एका खोलीत राहिला, पुढचा पावसाळा तोंडावर येईपर्यंत. माझ्या पाट्यांसाठी. काकू मासे खात नव्हत्या, भाकरीचं पीठ नांदेडहून जायचं, ते चाचा पोचवायचे स्टँडवर. हो, चाचा. त्यांनी आपणहून ते काम घेतलं होतं. एकदा तर पिठाच्या पिशवीबरोबर त्यांनी जाड अक्षरात रंगवलेली एक पाटी पाठवली: हात लावू नये. काकू सांगायच्या की सर धक्क्यावर पालथे झोपायचे आणि आता पाय धरायचं काम काकूंकडं. "जन्मभर सांभाळलं, आता पाय धरून समुद्रातबी पडू द्यायचं न्हाई," असं म्हणून स्वतःच हसायच्या.

मी सुट्टीत गेले, नमुने आणले, पण सरांशी कामापुरतंच बोलले. माझा राग असाच असतो, लवकर उतरत नाही.

एक दिवस मी स्टाफरूममध्ये होते. फोन वाजला. सरांचा आवाज, वारा इतका की निम्मं ऐकू येईना.

"माय, ऐकायलीस का? रबराच्या पाट्या वर काढल्यात. बसलेत गं. लई बसलेत. दुसऱ्यांपेक्षा कमी न्हाईत. बोट लावलं की सुटतात, पण बसलेत."

मी हातातला खडू टेबलावर ठेवला.

"बुळबुळ पसंत पडली त्यांना," सर सांगत होते. "खाली काय हाय त्याचं त्यांना कळलं न्हाई. पकड तेवढी लागली न्हाई बिचाऱ्यांना. माय, हायस का लाइनीवर?"

मी मोजलं असतं तर माझ्या प्रबंधात नेमकं उलटं छापलं गेलं असतं. सिलिकॉनवर वस्ती शून्य. आणि त्याच्यावर माझी पक्की नोकरी उभी राहिली असती. मी म्हणाले, "आहे सर." मग त्या भरल्या स्टाफरूममध्ये पदर तोंडाला लावून रडले. नोकरी गेली म्हणून रडले की खोटं लिहिण्यातून वाचले म्हणून, मला माहीत नाही. दोन्ही असेल. तासाची घंटा झाली तशी तोंड धुऊन वर्गात गेले.

पुढं प्रबंध झाला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सिलिकॉनच्या प्रकरणावरच सगळ्यात जास्त विचारलं. सर शेवटच्या रांगेत बसले होते, शेजारी चाचा, धुतलेल्या कुर्त्यात. चाचांना एक अक्षर कळलं नसणार, पण माझं झाल्यावर पहिली टाळी त्यांचीच. पक्की जागा मला लागली, पण फार नंतर, आणि लातूरला. आता मीही वर्गात बुळबुळच म्हणते. पोरं हसतात.

सर मागच्या उन्हाळ्यात गेले. मी तेव्हा जाऊन आले, पण घर माणसांनी भरलेलं होतं, काकूंशी बोलणं झालं नाही. या दिवाळीनंतर एका शुक्रवारी मुद्दाम गेले. काकू चहाला आत गेल्या आणि मी, सवयीनं म्हणा, मोरीकडं वळले. ड्रमवर झाकण म्हणून एक पाटी ठेवलेली. चंदेरी. कडेनं थोडी गंजलेली, पण चाचांचं काम, रंग टिकून होता. कधी घरी आणली सरांनी कोण जाणे. खिडकीतून ऊन आडवं येत होतं आणि चांदीखाली ते गोल तसेच, सगळे.

मी बोट ठेवून मोजायला लागले. एका ओळीपर्यंत मोजलं आणि थांबले. ही पाटी मोजायची नाही असं ठरलं होतं आमचं. मग पाटी बाजूला सरकवली आणि ड्रममध्ये आतल्या बाजूनं अंगठा फिरवला.

"बघ बघ," काकू आतून म्हणाल्या. त्यांना कसं कळलं कोण जाणे, झाकणाचा आवाज ऐकला असेल. "नळ कधी आले होते, सांग बरं?"

मी अंगठा बोटावर घासून बघितला. "मंगळवारी."

"सोमवारी," काकू म्हणाल्या. आत स्टोला पंप मारल्याचा आवाज आला. "ह्यांचं कधी चुकलं न्हाई गं."